उटणे

उटणे म्हणजे डाळींची पिठे, सुगंधी वनस्पतींची चूर्णे आणि हळद यांचे मिश्रण होय. ते तेलात, दुधात किंवा पाण्यात कालवून अंगाला व चेहऱ्याला चोळतात आणि नंतर पाण्याने धुऊन टाकतात. साबणाचा प्रसार होण्यापूर्वी महाराष्ट्रात, तसेच भारताच्या बहुतेक भागांत, त्वचा स्वच्छ करण्याचे ते एक प्रमुख साधन होते. आज सर्वांगाला उटणे लावण्याची चाल मुख्यत्वे दिवाळीचे अभ्यंगस्नान, विवाहातील हळद आणि तान्ह्या बाळाला न्हाऊ घालणे यांपुरती उरली आहे. मात्र चेहरा धुण्याचे सौम्य आणि साबणविरहित साधन म्हणून उटण्याला नव्याने मागणी आली आहे. या मागणीच्या मुळाशी ‘जे वनस्पतींपासून बनते ते सौम्यच असते’ असा समज असतो. तो अर्धाच खरा आहे. उटण्याचा सौम्यपणा त्यात कोणते घटक आहेत, ते किती बारीक दळले आहेत, चेहऱ्यावर किती वेळ ठेवले जाते आणि वापरणाऱ्याची त्वचा कशी आहे यांवर ठरतो.

नाव आणि व्युत्पत्ती

‘उटणे’ हा शब्द संस्कृत ‘उद्वर्तन’ या शब्दापासून प्राकृतातील ‘उव्वट्टण’ या रूपाद्वारे मराठीत आला. हिंदीतील ‘उबटन’ हा त्याचाच भाऊ. ‘उद्वर्तन’ या शब्दात वरच्या दिशेने चोळण्याचा भाव आहे; आयुर्वेदातही उद्वर्तन अंगावरील लवेच्या उलट दिशेने करावयास सांगितले आहे. हैदराबादकडील दख्खनी घरांत विवाहप्रसंगी लावल्या जाणाऱ्या अशाच सुगंधी मिश्रणास ‘चिकसा’ म्हणतात.

उटणे आणि उटी यांत फरक केला पाहिजे. उटी म्हणजे सहाणेवर उगाळलेल्या चंदनाचा लेप. ती थंडाव्यासाठी लावतात आणि अंगावर तशीच राहू देतात. पंढरपूरच्या विठ्ठलाला गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्रापर्यंत चंदनउटी लावली जाते, ती या प्रकारची. उटणे मात्र लावायचे ते काढून टाकण्यासाठीच. हा भेद वरवर शाब्दिक वाटतो. परंतु चेहऱ्यावर उटणे वाळेपर्यंत ठेवावे की नाही, या प्रश्नाचे उत्तर त्यातच दडलेले आहे.

प्राचीन ग्रंथांतील उल्लेख

वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सूत्रस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात दिनचर्येचे वर्णन आहे. तेथे अभ्यंग, व्यायाम, उद्वर्तन आणि स्नान असा क्रम येतो. उद्वर्तनाने कफ व मेद कमी होतात, अवयव घट्ट होतात आणि त्वचा प्रसन्न होते, असे वाग्भट सांगतो. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात उद्वर्तन, उद्घर्षण आणि उत्सादन अशी तीन नावे येतात. टीकाकार डल्हणाच्या स्पष्टीकरणानुसार कोरड्या औषधी चूर्णाने घासणे ते उद्घर्षण, तर तेल-तूप मिसळलेल्या कल्काने चोळणे ते उत्सादन. आजच्या भाषेत सांगायचे तर पहिला प्रकार त्वचा खरवडून स्वच्छ करणारा आहे आणि दुसरा स्निग्धता राखून स्वच्छ करणारा आहे. चेहऱ्याच्या दृष्टीने दुसरा प्रकार अधिक योग्य ठरतो.

वात्स्यायनाच्या कामसूत्रात नागरकाच्या दिनक्रमाचे वर्णन आहे. त्याने स्नान रोज करावे, उत्सादन एक दिवसाआड करावे आणि फेनक, म्हणजे फेस देणारा पदार्थ, तिसऱ्या दिवशी वापरावा, असे तेथे म्हटले आहे. चोळण्याचे आणि फेसाचे साधन रोज वापरायचे नसते, ही जाण त्या काळीही होती हे लक्षणीय आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या मानसोल्लास या ग्रंथातही स्नानभोगाचे स्वतंत्र वर्णन आढळते.

चेहऱ्यापुरता विचार केल्यास सर्वांत महत्त्वाचे विवेचन अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील बाविसाव्या अध्यायात आहे. तेथे मुखालेपाचे दोषहर, विषहर आणि वर्णकर असे तीन प्रकार सांगितले आहेत आणि सहा ऋतूंसाठी सहा वेगवेगळे लेप दिले आहेत. लेपाची जाडी अंगुळाचा चौथा, तिसरा किंवा अर्धा भाग असावी, असे मापही दिले आहे. लेप ओला असेपर्यंतच चेहऱ्यावर ठेवावा; वाळलेला लेप कांती बिघडवतो; काढताना तो पुन्हा भिजवून काढावा आणि त्यानंतर चेहऱ्याला तेल लावावे, असे नियम आहेत. लेप असताना बोलणे, दिवसा झोपणे, उन्हात किंवा विस्तवाजवळ बसणे, शोक व क्रोध करणे वर्ज्य आहे. पडसे, अजीर्ण किंवा जागरण झालेले असता लेप लावू नये, असेही म्हटले आहे. यांतील काही निर्बंध आज कोणी पाळणार नाही. तथापि लेप वाळू न देण्याचा आणि शेवटी स्निग्धता परत देण्याचा नियम आजच्या त्वचाविज्ञानालाही मान्य होण्यासारखा आहे. चेहऱ्यावर उटणे तडकेपर्यंत ठेवून मग ओढून काढण्याची रूढ पद्धत परंपरेच्या नावाने चालते. पण ती त्या परंपरेच्याच विरुद्ध आहे.

घटक

उटण्याचे एकच प्रमाणित पाठ नाही. घरोघरी आणि दुकानागणिक घटक बदलतात. तरीही त्यांचे कार्यानुसार तीन गट पडतात.

पहिला गट पिठांचा. हरभऱ्याच्या डाळीचे पीठ, मसुरीचे पीठ, मुगाचे पीठ, क्वचित तांदळाची पिठी. उटण्याचे खरे काम हीच करतात. पिठातील पिष्टमय कण त्वचेवरचे तेल व घाम टिपून घेतात. कडधान्यांत अल्प प्रमाणात सॅपोनिने असतात, तीही तेल सुटे करण्यास हातभार लावतात. पीठ ओले झाले की मऊ पडते आणि बोटांखाली सहज सरकते, म्हणून घर्षण मर्यादित राहते. तांदळाची पिठी त्यामानाने कडक व खरखरीत असल्याने ती चेहऱ्यासाठी बेताने वापरावी.

दुसरा गट सुगंधी द्रव्यांचा. चंदन, वाळा, नागरमोथा, गव्हला, कचोरा, कपूरकाचरी, गुलाबपाकळ्या, संत्र्याची वाळवलेली साल ही नावे दिवाळीच्या पुड्यांवर हमखास दिसतात. चंदन (सँटॅलम आल्बम) हा मूळचा मुख्य घटक; परंतु हे झाड आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या यादीत असुरक्षित गटात आहे आणि त्याचे लाकूड अत्यंत महाग आहे. त्यामुळे स्वस्त उटण्यात चंदनाचे नाव आणि कृत्रिम वास असण्याचीच शक्यता अधिक. नागरमोथा (सायपेरस रोटंडस) हा शेतकऱ्याच्या दृष्टीने लव्हाळा, म्हणजे हट्टी तण आहे. त्याचे सुगंधी कंद वाळवून वापरतात. वाळा म्हणजे पाण्याच्या माठात घालतात त्याच गवताची मुळे. गव्हला हे प्रियंगूचे बाजारी नाव असून त्या नावाने एकापेक्षा अधिक वनस्पतींचा माल विकला जातो. काष्ठौषधींच्या दुकानात खरेदी करताना हे ध्यानात ठेवणे बरे.

तिसरा गट विशेष गुणांसाठी घातल्या जाणाऱ्या द्रव्यांचा: हळद, आंबेहळद, मंजिष्ठ, ज्येष्ठमध, लोध्र, कडुनिंब, तुळस. चरकसंहितेत वर्ण उजळणाऱ्या दहा द्रव्यांचा जो ‘वर्ण्य’ गण दिला आहे, त्यात चंदन, वाळा, ज्येष्ठमध, मंजिष्ठ आणि सारिवा यांचा समावेश आहे. येथे ‘वर्ण’ याचा अर्थ त्वचेची निरोगी कांती असा घेणे उचित आहे. त्वचेचा मूळ रंग तिच्यातील मेलॅनिन या रंगद्रव्यावर ठरतो आणि पाच मिनिटे लावून धुतलेल्या पिठाने तो बदलत नाही. मळ व मृत पेशी निघाल्याने चेहरा काही काळ तजेलदार दिसतो आणि हळदीचा पिवळसर झाक मागे राहतो, एवढेच. गोरेपणाची हमी देणारी जाहिरात आयुर्वेदाच्या नावावर असली तरी तिचा उगम ग्रंथांत कमी आणि लग्नाच्या बाजारात अधिक आहे.

मुलतानी माती उटण्यात सर्रास मिसळली जाते. ती वनस्पतिजन्य नसून एक प्रकारची चिकणमाती आहे. तिची तेल शोषण्याची शक्ती पिठांहून बरीच अधिक असल्याने तेलकट त्वचेला ती उपयोगी पडते. कोरड्या त्वचेला मात्र तिने ताण पडतो.

रिठा व शिकेकाई ही द्रव्ये केसांसाठी सर्वपरिचित आहेत. त्यांत सॅपोनिनांचे प्रमाण पुष्कळ असते, म्हणून त्यांना भरपूर फेस येतो. काही उटण्यांत ती ‘नैसर्गिक साबण’ म्हणून घालतात. डोळ्यांत गेल्यास ती किती झोंबतात हे ज्याने लहानपणी न्हाणीघरात अनुभवले आहे, त्याला चेहऱ्याच्या उटण्यात ती का नसावीत हे वेगळे सांगावे लागणार नाही.

स्वच्छ करण्याची क्रिया

त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या थरात मृत पेशी आणि त्यांना सांधून ठेवणारे स्निग्ध पदार्थ असतात. हा थर शरीरातील पाणी बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरचे क्षोभक पदार्थ व जंतू आत येऊ देत नाही. त्याचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. निरोगी त्वचेचा सामू, म्हणजे पीएच, साधारणतः ४.५ ते ६ यांदरम्यान असतो. चेहरा स्वच्छ करणाऱ्या कोणत्याही साधनापुढील पेच असा, की मळ तेलात मिसळलेला असतो आणि थराला सांधणारा पदार्थही स्निग्धच असतो. एक काढताना दुसरा शक्य तितका वाचवणे म्हणजेच सौम्यपणा.

साबण तेल व अल्कली यांच्या अभिक्रियेतून बनतो आणि त्याच्या द्रावणाचा सामू सामान्यतः ९ ते १० असतो. त्यामुळे धुतल्यानंतर त्वचेची आम्लता काही काळ घटते आणि चेहरा ताणल्यासारखा वाटतो. येथे साबणाच्या मूळ द्रव्याला फारसे महत्त्व नाही. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात गोदरेज कंपनीने प्राण्यांच्या चरबीऐवजी वनस्पतितेलापासून ‘चावी’ हा साबण काढला. स्वदेशी चळवळीच्या काळात आणि शाकाहारी ग्राहकांच्या दृष्टीने ही गोष्ट मोलाची होती. त्वचेच्या दृष्टीने मात्र खोबरेल तेलाचा साबण आणि चरबीचा साबण दोन्ही अल्कधर्मीच. एखादी वस्तू वनस्पतीपासून आली आहे की नाही आणि ती सौम्य आहे की नाही हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत, याचे हे सोपे उदाहरण.

पिठाच्या उटण्याचे कार्य याहून वेगळे आहे. त्यात तीव्र अल्कली नसते आणि फेस करणारे द्रव्य अत्यल्प असते. आधी लावलेले तेल त्वचेवरचा तेलकट मळ विरघळवते, पीठ ते तेल टिपते आणि दोन्ही मिळून पाण्याबरोबर निघून जातात. अभ्यंगस्नानात आधी तेल आणि मग उटणे हा क्रम याच कारणाने सार्थ आहे. या पद्धतीत तेलाचा काही अंश त्वचेवर राहतो. ज्यांना साबणाने धुतलेल्या चेहऱ्याची ‘करकर’ म्हणजेच स्वच्छता वाटते, त्यांना प्रारंभी चेहरा नीट धुतला गेला नाही असे वाटू शकते.

चेहऱ्यासाठी वापर

अंगाचे उटणे जसेच्या तसे चेहऱ्याला वापरणे योग्य नाही. चेहऱ्याच्या उटण्यात पिठाचा वाटा निम्म्याहून बराच अधिक, सुगंधी द्रव्ये मोजकी आणि हळद नाममात्र ठेवावी. मसुरीचे किंवा मुगाचे पीठ, थोडे ज्येष्ठमधाचे चूर्ण आणि चिमूटभर वाळा एवढे पुरेसे होते. घटक जितके कमी, तितके त्रास झाल्यास कारण शोधणे सोपे. चूर्ण वस्त्रगाळ असावे. पिठाच्या चाळणीतून निघालेले चूर्ण बोटांना मऊ वाटले तरी गालावर ते खरखरते. त्यामुळे कोरड्या, धुतलेल्या मलमलीच्या फडक्यातून ते गाळून घेतात. नागरमोथा, वाळा आणि संत्र्याची साल यांचे तंतू दळूनही शिल्लक राहतात, म्हणून त्यांच्या बाबतीत ही काळजी अधिक.

एका वेळेस एक चमचा चूर्ण घ्यावे. तेलकट त्वचेसाठी ते पाण्यात, कोरड्या त्वचेसाठी दुधात किंवा थोड्या तेलासह कालवतात. लेप ताकापेक्षा दाट आणि श्रीखंडापेक्षा पातळ असावा. चेहरा आधी ओला करून बोटांच्या अग्रांनी हलक्या हाताने लेप पसरावा. चोळण्याची खरे तर गरज नसते. पीठ आपले काम दाबाविना करते. डोळ्यांभोवतीचा भाग, ओठ आणि नाकपुड्यांच्या कडा वगळाव्यात. एक-दोन मिनिटांत, लेप ओला असतानाच, कोमट पाण्याने तो धुवावा. चेहरा टिपून कोरडा करावा आणि त्वचेला सवय असलेले तेल किंवा मलम लावावे.

कालवलेले उटणे साठवून ठेवू नये. पीठ आणि पाणी एकत्र आले की आंबण्याची क्रिया काही तासांत सुरू होते. इडलीच्या पिठात जे हवे असते, ते चेहऱ्यावर नको असते. कोरडे चूर्णही घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे आणि ओला हात किंवा चमचा त्यात घालू नये. न्हाणीघरात ठेवलेला डबा पावसाळ्यात हमखास दमट होतो. कुबट वास आलेले किंवा गुठळ्या झालेले उटणे टाकून द्यावे.

मुरुमे पुवाने भरलेली असताना, त्वचा सोललेली किंवा उन्हाने पोळलेली असताना, तसेच डॉक्टरांनी रेटिनॉइडयुक्त मलम दिलेले असताना चेहऱ्याला कोणतेही चूर्ण चोळणे टाळावे.

वापरून पाहण्याची रीत

नवे उटणे किंवा कोणतेही वनस्पतिजन्य प्रक्षालक थेट चेहऱ्यावर वापरण्याआधी त्वचेच्या लहानशा भागावर ते पडताळून पाहावे. ‘रात्री मनगटाला लावून सकाळी पाहावे’ असा जो सल्ला सर्वत्र दिला जातो, तो अपुरा आहे. त्वचेच्या प्रतिक्रिया मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. क्षोभजन्य दाह काही मिनिटांत किंवा तासांत दिसतो. स्पर्शजन्य अधिहर्षता, म्हणजे खरी अॅलर्जी, मात्र प्रतिकारयंत्रणेच्या मार्गाने येते. ज्याला त्या पदार्थाची अॅलर्जी आधीपासून आहे, त्याच्या त्वचेवर ती सामान्यतः दोन-चार दिवसांत उमटते. जो तो पदार्थ प्रथमच वापरत आहे, त्याच्या शरीराला तो ‘ओळखण्यास’ आठवडा-दोन आठवडे लागू शकतात, किंबहुना अनेक महिन्यांच्या वापरानंतरही अॅलर्जी उद्भवू शकते.

यास्तव अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मॅटॉलॉजी ही त्वचारोगतज्ज्ञांची संस्था असे सुचवते, की नवे उत्पादन दंडाच्या आतल्या बाजूस किंवा कोपराच्या खळीत, नाण्याएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावून पाहावे. धुऊन टाकावयाचे उत्पादन असल्यास ते पाच मिनिटे ठेवून धुवावे. उटण्यालाही हीच रीत लागू पडते. या काळात दुसरे कोणतेही नवे साधन सुरू करू नये, नाहीतर दोष कोणाचा हे कळत नाही. लाली, खाज, पुरळ, सूज किंवा जागा खरखरीत होणे यांपैकी काहीही आढळल्यास ते उटणे चेहऱ्यासाठी बाद समजावे.

हातावर काही न झाल्यास चेहऱ्यावर आठवड्यातून दोनदा, असा प्रारंभ करतात. धुतल्यानंतर अर्ध्या तासाने त्वचा कशी आहे हे पाहणे धुतल्या क्षणी पाहण्यापेक्षा अधिक उपयोगाचे. धुतल्या क्षणी प्रत्येकच चेहरा ताजा दिसतो. अर्ध्या तासानंतर ताण, चुरचुर किंवा पांढरट कोंडा दिसला, तर ते उटणे त्या त्वचेला जड आहे. ‘मळ बाहेर पडत आहे, थोडे दिवस त्रास होणारच’ अशी समजूत घालून वापर चालू ठेवणे धोक्याचे आहे. असा त्रास हा क्षोभाचाच असतो. हिंदी-मराठी भाषक समाजात सावळ्या व गव्हाळ त्वचेवर अशा दाहानंतर काळपट डाग राहण्याची प्रवृत्ती असते आणि ते जाण्यास कित्येक महिने लागतात. उजळपणासाठी लावलेल्या लेपाने चेहरा डागाळण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

ज्ञात धोके

वनस्पतिजन्य घटकांच्या धोक्यांपैकी सर्वांत बोधप्रद घटना जपानमधील आहे. तेथे चहाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या एका लोकप्रिय मुखसाबणात आम्लाच्या साहाय्याने विघटित केलेले गव्हाचे प्रथिन घातलेले होते. रोज चेहरा धुताना ते प्रथिन त्वचा, डोळे व नाक यांच्या वाटे शरीरात जाऊन अनेकांना गव्हाचीच अॅलर्जी जडली. आयुष्यभर पाव आणि नूडल्स खाल्लेल्या माणसांच्या पापण्या गहू खाल्ल्यावर सुजू लागल्या. काहींना जीवघेण्या तीव्र प्रतिक्रियाही आल्या. २०११ मध्ये तो साबण बाजारातून परत घेण्यात आला. निदान झालेल्या रुग्णांची संख्या पुढे दोन हजारांच्या वर गेली. यांतील बहुतेकांना पोटाच्या नव्हे, तर चेहऱ्याच्या वाटेने अन्नाची अॅलर्जी झाली होती.

साध्या पिठात आणि त्या विघटित प्रथिनात मोठे अंतर आहे. त्यामुळे ही घटना उटण्यावर जशीच्या तशी लावता येत नाही. तथापि अन्नातील प्रथिने दुखावलेल्या त्वचेतून शरीरात गेल्यास अॅलर्जी उत्पन्न होऊ शकते, हे मत आता अॅलर्जीतज्ज्ञांत मान्यता पावलेले आहे. म्हणून इसब असलेल्या बाळाला गहू, हरभरा किंवा दूध यांचा लेप चोळण्याआधी बालरोगतज्ज्ञाचा सल्ला घेणे आवश्यक ठरते. बाळाच्या अंगावरची लव काढण्यासाठी पिठाचा गोळा जोराने फिरवण्याची चाल अजूनही काही घरांत आहे. ती कितीही मायेने केली तरी बाळाच्या पातळ त्वचेला इजाच करते.

बावची हे उटण्याच्या काही पाठांत आढळणारे दुसरे लक्षणीय द्रव्य. तिच्या बियांत सोरॅलेन असते. त्याच्यामुळे त्वचा सूर्यप्रकाशाला अतिसंवेदनशील होते. कोडावरील उपचारात वैद्य तिचा उपयोग करतात तो याच गुणासाठी. पण सकाळी चेहऱ्याला लावून उन्हात गेल्यास तिने भाजल्यासारखे फोड येऊ शकतात. लिंबाच्या रसाचाही असाच दोष आहे. लेपात लिंबू पिळण्याचा घरगुती उपाय दोन्ही बाजूंनी घातक आहे: रस तीव्र आम्लधर्मी असतो आणि त्यावर ऊन पडले की डाग उमटतात. हळद आणि चंदन यांची स्पर्शजन्य अॅलर्जी कमी आढळते, पण तिची नोंद वैद्यकीय वाङ्मयात आहे. अक्रोडाची कवचे, जर्दाळूच्या बिया यांचे भरड चूर्ण अंगाला चालले तरी चेहऱ्याला वर्ज्य मानावे.

वनस्पतिजन्य फेसवॉश

आधुनिक कारखान्यांत बनणाऱ्या ‘वनस्पतिजन्य’ फेसवॉशमध्ये सामान्यतः पीठ नसते. त्यांतील स्वच्छता करणारे द्रव्य बहुधा डेसिल ग्लुकोसाइड किंवा कोको ग्लुकोसाइड असते. नारळाच्या किंवा पामच्या तेलापासून मिळणारी मेदाम्ल अल्कोहोले आणि मक्यासारख्या पिकातील ग्लुकोज यांच्या संयोगातून ती तयार होतात. साबणापेक्षा ती निश्चितच सौम्य आहेत आणि त्यांच्या द्रावणाचा सामू त्वचेच्या सामूजवळ आणता येतो. तरीही अमेरिकेतील स्पर्शजन्य त्वचादाहाचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ साली ‘वर्षातील अॅलर्जीकारक द्रव्य’ म्हणून अल्किल ग्लुकोसाइडांचीच निवड केली होती. त्यांचा वापर वाढला, तसे त्यांची अॅलर्जी असणारेही दिसू लागले. याउलट शुद्ध खनिज तेलापासून बनणारे पेट्रोलियम जेली वनस्पतिजन्य नाही, परंतु तिची अॅलर्जी अत्यंत विरळा.

सण आणि संस्कार

महाराष्ट्रात उटण्याचे नाव निघाले की नरक चतुर्दशीची पहाट आठवते. आश्विन वद्य चतुर्दशीला सूर्योदयापूर्वी तेल व उटणे लावून स्नान करतात. कोकण व गोव्यात स्नानाच्या वेळी पायाच्या अंगठ्याने कारीट चिरडण्याची प्रथा आहे. बलिप्रतिपदेला, म्हणजे पाडव्याला, पत्नी पतीला तेल-उटणे लावते आणि ओवाळणी मिळवते. दिवाळीच्या सुमारास थंडी सुरू होऊन त्वचा कोरडी पडू लागते. त्या वेळी तेलानंतर उटणे लावण्याची रीत ऋतूला धरूनच आहे. विसाव्या शतकात दिवाळीच्या स्नानात मोती साबणाने उटण्याशेजारी जागा मिळवली आणि शहरी घरांत अनेकदा उटण्याची चिमूट केवळ शकुनापुरती उरली. दिवाळीपूर्वी महिला बचत गट आणि विद्यार्थी मंडळे उटण्याच्या पुड्या तयार करून विकतात किंवा वाटतात.

पुराणकथेत पार्वतीने स्नानाच्या वेळी अंगावरच्या मळापासून गणपती घडवला. लोककथांत हा मळ उटण्याचा असल्याचे सांगतात. चोळून निघालेल्या उटण्याच्या मऊ वळ्या ज्याने पाहिल्या आहेत, त्याला ही कल्पना कोठून सुचली असावी हे सहज कळते.

भारतात इतरत्रही अशी मिश्रणे आहेत. तमिळ घरांत नलंगु मावु, तेलुगू घरांत नलुगु पिंडी ही हिरवे मूग, हळद व सुगंधी मुळे यांची चूर्णे बाळाला व वधूवरांना लावतात. म्यानमारमधील थनखा मात्र उटण्यापेक्षा आपल्या चंदनउटीला जवळचा: झाडाची साल दगडावर पाण्यात उगाळून तो लेप गालांवर दिवसभर राहू देतात.

विक्री आणि नियमन

भारतात सौंदर्यप्रसाधनांचे उत्पादन व विक्री १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि त्याखालील २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम यांनुसार होते. आयुर्वेदिक औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या उटण्यांना याच कायद्यातील आयुर्वेदविषयक तरतुदी लागू होतात. पुडीवर घटकांची यादी, उत्पादकाचा पत्ता व परवाना क्रमांक, उत्पादनाचा महिना आणि वापराची मुदत पाहून घ्यावी. सणाच्या बाजारात सुट्या विकल्या जाणाऱ्या उटण्यावर यांपैकी काहीच नसते. गडद पिवळा रंग आणि पुडी उघडताच घमघमणारा वास ही ग्राहकाला चांगल्या मालाची लक्षणे वाटतात. वास्तविक वस्त्रगाळ मसूर पीठ, ज्येष्ठमध आणि वाळा यांचे मिश्रण फिकट करड्या-तपकिरी रंगाचे असते आणि त्याचा वास ओले केल्यावरच मंदपणे जाणवतो.